संध्याकाळच्या युनिटाला भाव द्या: विद्युत नियामक आयोगास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

सादर नमस्कार.

मी सांगलीत राहणारी एक घरगुती वीजग्राहक. आमच्या गच्चीवर 3 किलोवॉटचे सोलर पॅनेल आहेत आणि पोर्चच्या भिंतीला 5 युनिट साठवणारी लिथियमची बॅटरी आहे. आपल्या नियमांना आमची गच्ची दिसते, बॅटरी मात्र दिसत नाही. ती दिसावी, आणि घरात साठवून संध्याकाळी वापरलेल्या किंवा परत दिलेल्या युनिटाला वेगळा भाव मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ही मागणी माझ्या एकटीच्या सोयीची नाही. उघड्यावर मांडली म्हणजे इतरांनाही तिच्यावर बोलता येईल, म्हणून खुले पत्र लिहिते आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि आमच्यासारख्या शहरांतल्या गल्लीबोळांत पॅनेल दिसू लागले. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान. त्याच महिन्यात केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि 10 किलोवॉटपर्यंतच्या जोडणीला तांत्रिक व्यवहार्यतेची अट काढून टाकली. या दोन गोष्टींनी मोठे काम केले. बँकेच्या हप्त्याला घाबरणारी माणसे पॅनेल लावू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या योजनेत बॅटरीसाठी एक रुपयाही नाही. पॅनेलवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला, बॅटरीवर तो 18 टक्केच आहे. अनुदान आणि कर आपल्या अखत्यारीत येत नाहीत हे मला माहीत आहे. दर आणि मीटरचे नियम येतात, म्हणून पत्र आपल्याला.

सोलर लावणाऱ्या बहुतेक घरांना पहिला धक्का बसतो तो वळवाच्या पावसात. वारा सुटतो, डीपीवरचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडतो, अर्ध्या तासाने पाऊस थांबून लख्ख ऊन पडते, आणि घरात तरीही लाईट नसते. गच्चीवर पॅनेल तापलेले आणि खाली पंखा बंद. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की स्वतःहून बंद होतो. व्हायलाच हवा, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातली वीज उलटी जाऊन झटका बसता कामा नये. विकणाऱ्याने हे आधी सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत ज्यांना ते सांगितले गेले नाही, त्यांतल्या एका घरात आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. साडेतीनशे वॉटचे यंत्र, पण ते थांबले की घरातल्यांचा जीव टांगणीला. शेवटी त्यांनी जुनी ट्यूब्युलर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर पुन्हा जोडून घेतला. म्हणजे गच्चीवर एक यंत्रणा, घरात दुसरी, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

आमच्याकडे हायब्रिड इन्व्हर्टर आहे. ग्रिड गेले की तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि पॅनेल व बॅटरीवर घर चालवत राहतो. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे घरोघरी ज्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आल्या, त्यांच्यात आणि या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत फार अंतर आहे. जुनी बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर लवकर मरते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि भरलेल्या चार युनिटांपैकी तीनच हाती येतात. नवी बॅटरी 90 टक्क्यांपर्यंत उतरवता येते, भरण-उपशातली गळती दहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि चार-सहा हजार वेळा भरून रिकामी करता येते. रोज एकदा म्हटले तरी दहा वर्षांहून जास्त. किंमत मात्र 5 युनिटांना लाखाच्या आसपास जाते.

बॅटरी घेण्याआधी घराने जे करायचे ते आम्ही केले, आणि ते लिहिणे मला गरजेचे वाटते. आपल्यापुढे बोलणारे सगळे मेगावॉटमध्ये बोलतात; मेगावॉट घराघरांतूनच बनतात. आमच्या भागात एका किलोवॉटचे पॅनेल निरभ्र दिवशी साधारण 4 युनिट देतात. म्हणजे आमचे 12. त्यातले बहुतेक दहा ते तीन या वेळात येतात. म्हणून घरघंटी दुपारी चालते. पाण्याची मोटर दुपारी. कपड्यांचे मशीन, इस्त्री, मिक्सरवरचे वाटण-घाटण, सगळे दुपारी. गिझरला टायमर लावून तो दीड वाजता सुरू होतो. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण एक युनिट लागते आणि चांगल्या आवरणाचा गिझर ते पाणी रात्रीच्या आंघोळीपर्यंत गरम ठेवतो. घरातली सर्वांत स्वस्त साठवण हीच, ती जवळजवळ प्रत्येक घरात आधीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जुने 75 वॉटचे पंखे काढून बीएलडीसी पंखे लावले, ते तीसेक वॉटवर चालतात. एवढे झाल्यावर एसी सोडून आमची रात्रीची गरज तीन-साडेतीन युनिटांवर आली. मग 5 युनिटांची बॅटरी पुरेशी ठरली. आधी बॅटरी घेतली असती तर दुप्पट मोठी लागली असती. एसी लागणाऱ्या घराचा हिशोब वेगळा: दीड टनाचा एसी तासाला एक-सव्वा युनिट खातो आणि रात्रभर एवढीशी बॅटरी त्याला पुरत नाही. पावसाळ्यात तर उत्पादन निम्म्यावर येते आणि सगळ्यांनाच ग्रिड लागते. ग्रिड सोडून जाण्याची भाषा मी करत नाही, तसे करणे शहरातल्या घराला परवडणारेही नाही.

आता ग्रिडच्या बाजूने पाहू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये 16,000 मेगावॉट सौर वीज उभी करायचे राज्याने ठरवले आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळणे ही आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी, तीवर हे उत्तर योग्यच आहे. म्हणजे दुपारी वीज भरपूर असणार. अडचण सूर्य मावळल्यानंतरची. घरी आलेली माणसे दिवे, टीव्ही, पंखे, एसी, इंडक्शन एकाच वेळी लावतात आणि तेव्हा सगळे पॅनेल शून्यावर असतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे कंपन्यांच्या वीज खरेदी-विक्रीच्या बाजारात, युनिटचा भाव 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो आणि त्याच दिवशी दुपारी तो निम्म्याहूनही खाली असतो. हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

संध्याकाळची ही मागणी महाराष्ट्र आजवर पाण्याने सांभाळत आला. 1,960 मेगावॉटची कोयना लागेल तेव्हा सुरू करता येते म्हणूनच तिचे मोल. घाटघरला तर साठवणच आहे: जास्तीची वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. तिथे 125 मेगावॉटचे दोन संच आहेत, एकूण 250 मेगावॉट. आता एक हिशोब करून पाहावा. सव्वा लाख घरांनी आमच्याएवढ्या बॅटरीतून संध्याकाळी प्रत्येकी 2 किलोवॉटचा भार उचलला, तर दोनेक तासांपुरते ते घाटघरएवढे होते. त्यासाठी नवे धरण नको, भूसंपादन नको, उच्चदाबाची नवी वाहिनी नको. शिवाय ही वीज जिथे लागते तिथेच, त्याच डीपीवर तयार असते, त्यामुळे वाटेतली गळतीही वाचते. सव्वा लाख हा आकडा एवढ्या मोठ्या राज्याला अशक्य नाही.

मग ही घरे बॅटरी का घेत नाहीत? कारण साधे आहे, ती परवडत नाही. ग्राहक हक्क नियमांतल्या केंद्राच्या 2023 च्या दुरुस्तीने सौर तासांतला, म्हणजे उन्हाच्या वेळेतला, दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांतला घरगुती दर किमान 10 टक्के जास्त असावा असे सांगितले. आपल्याकडे जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैशांपासून सवलत मिळू लागली. दिशा बरोबर आहे, पण आकडे मांडून पाहावेत. दिवसाचे 80 पैसे आणि संध्याकाळचा 10 टक्के जादा दर धरला, 10 रुपयांच्या युनिटावर तो एक रुपया होतो, म्हणजे दोन्ही मिळून 1 रुपया 80 पैशांचा फरक. 5 युनिटांच्या बॅटरीतून रोज साडेचार युनिट मिळतात. दिवसाला आठ रुपये, वर्षाला तीन हजारांच्या आत. लाखाची बॅटरी फिटायला तीस वर्षांहून जास्त लागतील, आणि तिचे आयुष्य त्याच्या निम्मेही नाही. शहाणा माणूस या भावात बॅटरी घेणार नाही. जे घेतात ते आमच्यासारखे, लाईट जाण्याला कंटाळलेले.

हाच फरक 6 रुपये झाला तर वर्षाला 9,800 रुपये सुटतात आणि दहा वर्षांत बॅटरी फिटते. 6 रुपये मी हवेतून काढलेले नाहीत. उन्हाळ्यात एक्स्चेंजवर दुपार आणि संध्याकाळ यांच्या भावात एवढे अंतर पडताना आपण सगळेच पाहतो. वितरण कंपनी संध्याकाळी 10 रुपयांनी वीज बाहेरून आणू शकते, तर शेजारच्या घरातून आलेल्या युनिटाला त्याच वेळी तोच मान का मिळू नये?

नेट मीटरिंगबद्दल मी मोकळेपणाने लिहिणार आहे, आणि माझ्या काही सोलरवाल्या स्नेह्यांना ते आवडणार नाही. आमच्या मीटरवर दोन आकडे आळीपाळीने दिसतात, घेतलेली वीज आणि दिलेली वीज. बिल दोन्हींच्या फरकावर येते. दुपारी दिलेले एक युनिट आणि रात्री आठ वाजता घेतलेले एक युनिट या हिशोबात सारखेच. पतपेढीत दुपारी ठेव ठेवावी आणि रात्री तेवढीच काढून न्यावी, तसे. पण पतपेढी ते पैसे सांभाळते, ग्रिड ती वीज सांभाळत नाही. त्याला रात्रीचे युनिट नव्याने, महाग भावाने आणावे लागते. त्या फरकाचा भार शेवटी सगळ्या ग्राहकांवर पसरतो. ज्याला गच्ची नाही, जो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, त्याच्यावरही. हे मला बरोबर वाटत नाही. नेट मीटरिंगने घरांना सोलरची सवय लावली, ते काम मोठे होते. आता पुढचे पाऊल टाकायला हवे आणि ते बॅटरीच्या दिशेने टाकावे, असे माझे मत आहे.

पण ते पाऊल जुन्या ग्राहकांच्या छातीवर पडू नये. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांचा हिशोब मांडून, कर्ज काढून पॅनेल लावले, त्यांचा करार अर्ध्यात बदलणे अन्याय होईल. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 मध्ये नवी पद्धत आणली. गच्चीवरून दिलेल्या दुपारच्या युनिटाचा मोबदला तिथे फार मोठ्या प्रमाणात कापला गेला आणि संध्याकाळच्या युनिटाला जास्त मोल आले, म्हणून नवे ग्राहक पॅनेलबरोबर बॅटरी घेऊ लागले. तिथल्या कपातीचा झटका मला नको तेवढा जोराचा वाटतो, सोलर बसवणाऱ्या अनेक लहान व्यावसायिकांना तो सोसला नाही. पण तिथल्या नियामकांनी एक गोष्ट पाळली: आधीच्या ग्राहकांना जोडणीपासून वीस वर्षे जुनाच हिशोब राहील असे लेखी दिले. ऑस्ट्रेलियात 40 लाखांहून जास्त गच्च्यांवर पॅनेल झाल्यावर दुपारची वीज ठेवायची कुठे हा प्रश्न आला, तेव्हा तिथल्या सरकारने जुलै 2025 पासून घरगुती बॅटरीच्या किमतीत साधारण 30 टक्के सूट सुरू केली. आपण त्या टप्प्याला पोचण्याआधीच तयारी केली तर बरे.

आयोगाने आधी एवढे करावे: आज नेट मीटरिंग असलेल्या घरगुती ग्राहकाचा हिशोब जोडणीपासून किती वर्षे बदलणार नाही, ते आदेशात स्पष्ट लिहावे. प्रत्येक दरनिश्चितीच्या वेळी गावोगावी अफवा उठतात, माणसे निर्णय पुढे ढकलतात. एका ओळीने ते थांबेल.

त्यानंतर, ज्याला हवा त्याच्यासाठी, बॅटरीवाल्या घराचा वेगळा पर्याय असावा. सक्ती नको. सूर्यास्तानंतरच्या चार-पाच तासांत अशा घराने ग्रिडला दिलेल्या युनिटाला एक्स्चेंजच्या संध्याकाळच्या भावाशी जोडलेला दर मिळावा, आणि त्याच वेळेत घेतलेल्या युनिटाला तेवढाच चढा दर लागावा. बॅटरी पॅनेलवर भरली की दुपारच्या स्वस्त ग्रिडच्या विजेवर, यात भेद करू नये. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मग फ्लॅटमधले कुटुंबही बॅटरी लावू शकेल, कारण तिला गच्ची लागत नाही, कपाटाएवढी भिंत लागते. सोलर हे बंगलेवाल्यांचे काम, ही आज खरी असलेली तक्रार त्यामुळे कमी होईल. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी डीपीजवळ सामायिक बॅटरी ठेवण्याचा प्रयोग वितरण कंपन्यांकडून करवून घ्यावा. दिल्लीत किलोकरीला 2025 मध्ये वितरण कंपनीच्या उपकेंद्रात 20 मेगावॉटची, दोन तास चालणारी बॅटरी बसली. आपल्याकडे एखाद्या वस्तीच्या डीपीला पुरेल एवढी लहान बसवून पाहायला काय हरकत आहे?

31 मार्चच्या हिशोबाबद्दलही लिहायलाच हवे. नेट मीटरिंगची शिल्लक युनिटे आर्थिक वर्षाच्या शेवटी मोडली जातात आणि त्यांचे पैसे आयोगाने ठरवलेल्या, ग्राहकाला लागणाऱ्या दरापेक्षा बऱ्याच कमी भावाने मिळतात. जानेवारी ते मार्च आमच्याकडे आकाश निरभ्र, हवा थंड, पॅनेल जोरात आणि एसी बंद. म्हणजे शिल्लक साठते ती याच तीन महिन्यांत. ती मोडते 31 मार्चला, आणि 1 एप्रिलपासून वापर दुप्पट होतो, मे महिन्यात बिल येते. ज्या युनिटांवर उन्हाळा निघाला असता ती उन्हाळ्याच्या तोंडावर कवडीमोलाने जातात. हिशोबाचे वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर करावे, किंवा ग्राहकाला आपला महिना निवडू द्यावा. कोणावर फारसा बोजा न टाकता होणारी ही सुधारणा आहे आणि ती पुढच्या आदेशापर्यंतही थांबायला नको.

सुरक्षेकडे दुर्लक्ष झाले तर बाकी सगळ्याला बट्टा लागेल. बाजारात जुन्या सेलांच्या जोडणीवर नवे कव्हर चढवून बॅटऱ्या विकल्या जातात. लोक त्या जिन्याखाली ठेवतात, जिथे आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. आयईसी 62619 हे सुरक्षेचे प्रमाणपत्र नसलेली बॅटरी ग्रिडला जोडू देऊ नये, आणि जोडणीच्या अर्जातच ती कुठे ठेवणार, हे विचारावे. मराठीत, एका पानात, चित्रासह सूचना द्यावी. आज जोडणीची कागदपत्रे वाचून सामान्य माणसाला काही कळत नाही. इंग्रजी शब्द नुसते देवनागरीत लिहिले म्हणजे मराठी झाली, असे त्यांचे रूप आहे.

स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात राग आहे आणि त्यातला बराचसा अविश्वासातून येतो. मीटर आमच्या दर अर्ध्या तासाच्या वापराची नोंद ठेवतो, तर ती नोंद आम्हालाही सहज उतरवून घेता येईल अशा रूपात द्यावी. कोणत्या वेळी किती वीज लागली, हे दिसले की लोक घरघंटी आणि मोटर आपोआप दुपारी लावतात, त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या गल्लीत दोन घरांनी नुसता आमच्या मोबाइलवरचा आलेख पाहून गिझरला टायमर बसवून घेतला.

पुढच्या दरनिश्चितीच्या जनसुनावणीत घरगुती साठवण हा स्वतंत्र विषय घ्यावा आणि दक्षिण महाराष्ट्रासाठी एक सुनावणी सांगली किंवा कोल्हापुरात ठेवावी, ही शेवटची विनंती. पुण्यापर्यंत जाऊन यायचे म्हणजे हातावर पोट असलेल्याचा दिवस बुडतो, म्हणून तिथे उद्योगांचे वकील येतात आणि घरगुती ग्राहक कमी दिसतात. सुनावणी जवळ झाली तर मी येईन, आणि गल्लीतली ऑक्सिजनवाल्या आजोबांची सूनही येईन म्हणते आहे. आमच्या मीटरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी, बॅटरी कधी भरली आणि कधी उतरली याच्या नोंदीसह, आयोगाला अभ्यासासाठी हव्या असतील तर द्यायला मी तयार आहे.

आपली,
सांगलीतील एक घरगुती वीजग्राहक